रिआल्तोचा पूल

व्हेनिस शहरात रिक्षा नाही, मोटार नाही. रस्त्यांऐवजी कालवे आणि गाड्यांऐवजी होड्या. शहराच्या मधोमध वळणे घेत जाणारा मोठा कालवा पायी ओलांडायला 1854 पर्यंत एकच पूल होता, रिआल्तोचा. सुट्टीत आम्ही सहकुटुंब तिथे गेलो, तेव्हा पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती.

गर्दी या पुलाला नवी नाही. आधी इथे होड्यांचा तरंगता पूल होता, मग लाकडी झाला. 1444 मध्ये मिरवणूक पाहायला जमलेल्या लोकांच्या भाराने तो कोसळला. 1524 मध्ये पुन्हा पडला. अखेर दगडी पूल बांधायचे ठरले. पल्लादिओसारख्या नामांकित वास्तुकारानेही आराखडा दिला होता. पण काम मिळाले आंतोनियो दा पोन्ते यांना. ‘दा पोन्ते’ म्हणजे ‘पुलाचा’! खालून होड्या जाव्यात म्हणून त्यांनी सुमारे 28 मीटरची एकच कमान घेतली. काठांच्या चिखलात सुमारे 12,000 लाकडी खुंट ठोकले. चिखलात हवा पोहोचत नाही, त्यामुळे लाकूड सहजी कुजत नाही. हा पूल टिकणार नाही, असे जाणकार म्हणत होते. 1591 मध्ये पुरा झालेला पूल आजही उभा आहे, वर दुकानांच्या दोन रांगा सांभाळत.

आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून आमचे लक्ष शब्दांकडे गेले. पुलाला लागून जर्मन व्यापाऱ्यांची जुनी सराय आहे. तिला ‘फोंदाको’ म्हणतात, म्हणजेच अरबी ‘फुंदुक’. इथली टाकसाळ ‘झेक्का’, ती आपल्या ‘सिक्का’ची बहीण. जकातघर ‘दोगाना’, त्याचे मूळ ‘दीवान’. मलबारची मिरी अरबांच्या हातून इस्कंदरियाला आणि तिथून रिआल्तोच्या बाजारात येई. मालाबरोबर शब्दही आले आणि इथलेच होऊन राहिले.

माणसांचे मात्र तसे झाले नाही. याच कालव्याच्या काठी 1621 पासून तुर्की मुस्लिम व्यापाऱ्यांची सराय होती. आत नमाजची जागा होती, हमाम होता. पण रात्र झाली की दरवाजे बंद होत आणि पहारा बसे. दिवसा ज्याच्याशी सौदा, रात्री त्यालाच कुलूप!

ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या गावातही बाजारात आपुलकीने बोलणारा माणूस, आपण भाड्याने घर विचारताच अनोळखी होतो. आणि आपल्या मोहल्ल्यात बाहेरचे कुटुंब राहायला आले, तर आपण तरी किती जण त्यांच्या दारी पहिला सलाम घेऊन जातो? दगडी पूल काठ जोडून देतो. पुढची पावले आपल्यालाच टाकावी लागतात.