मधुबनचा वजनकाटा

गया-धनबाद लोहमार्गावरील पारसनाथ स्थानकात उतरून मोटारीने मधुबनला पोहोचले, की धर्मशाळांच्या रांगांमागे श्री सम्मेदशिखरजीचा पहाड उभा दिसतो. उंची १,३६५ मीटर. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना सारखीच पूज्य आहे. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटर उतार, हा २७ किलोमीटरांचा हिशेब प्रत्येक यात्रेकरूच्या तोंडी असतो.

निवृत्तीच्या वर्षी सौ.सह मी तेथे प्रथम गेलो. बँकेतील ३४ वर्षांच्या खुर्चीने मला ९६ किलोंवर आणून सोडले होते. मधुबनला डोलीचे भाडे यात्रेकरूच्या वजनावर ठरते. मी काट्यावर उभा राहिलो. डोलीवाल्याने आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाला, “बाबूजी, चार आदमी लगेंगे.” आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या माल तोलला गेला, त्या दिवशी मालाच्या जागी मी होतो.

पहाटे अडीचला निघालो. सौ. काठी टेकत पायी, मी डोलीत. गंधर्व नाल्यानंतर चढ अंगावर येऊ लागला, तसा मागच्या डोलीवाल्याचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येऊ लागला. हाती जपमाळ होती, पण लक्ष त्या श्वासाकडे. वृद्धांना आणि आजाऱ्यांना डोली हवीच, शिवाय डोलीवाल्यांचा प्रपंच तीवरच चालतो. पण माझे वय अवघे साठ, आणि आजार म्हणाल तर एकच: ताटावरून वेळेत न उठणे. पाणी गाळून पिणारा, कंदमुळांना न शिवणारा मी, स्वतःच्या जिभेचे ओझे चौघांच्या खांद्यावर देऊन बसलो होतो.

पार्श्वनाथ प्रभूंच्या टोंकेवर दर्शन झाल्यावर सौ. म्हणाली, “अहो, एक मागू का? पुढच्या वेळी माझ्या बरोबरीने चाला. सगळी वाट एकटीच चालले मी. तुमची डोली केव्हाच पुढे निघून जायची.”

मी शब्द दिला.

वाचकहो, डॉक्टर दहा वर्षे हेच सांगत होते. त्यांचा कागद कपाटात राहत असे. हा शब्द रोज समोर ताट घेऊन उभा राहू लागला. एकासने, उपवास मी पूर्वीही करीत होतो, परंतु पारण्याच्या दिवशी सगळी वसुली होई. तप हे कर्मनिर्जरेसाठी आहे, काट्यावरील आकड्यासाठी नव्हे. म्हणून व्रतांना हात न लावता मी रोजचे ताट लहान केले. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर ऊनोदरीच येते, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. आयुष्यभर प्रवचनात ऐकलेला तो शब्द मला साठाव्या वर्षी कळला. चाराच्या जागी दोन फुलके, दुपारचे फरसाण बंद, आणि चौविहार आहे म्हणून सूर्यास्तापूर्वी पोट ठासून भरणेही बंद. पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या. पहिल्या दिवशी तीनदा बसलो.

सौ.ने मला एकदाही टोकले नाही. फक्त “आणखी वाढू?” हे विचारणे सोडून दिले. आग्रह हीच आपल्या घरांतील माया. ती आवरणे तिला माझ्या उपाशी राहण्याहून जड गेले असावे.

८४ किलोंवर काटा आठ महिने अडून बसला. लग्नसराईत दोनदा घसरलो. अडीच वर्षांनी ७८ झाले, तेव्हा तिकिटे काढली. आणि निघण्याच्या दोन महिने आधी तिचा गुडघा गेला. मी म्हटले, “रद्द करू.” ती म्हणाली, “तुमचा शब्द आहे. माझ्या गुडघ्याने तो मोडायचा नाही.”

मधुबनच्या त्याच काट्यावर या वेळी ती उभी राहिली. ४९ किलो, दोन माणसे. डोलीवाल्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “मैं पैदल.”

सीता नाल्यापर्यंत डोलीच्या बाजूने चाललो; पुढे मागे पडत गेलो. धाप लागली, पाय भरून आले. गौतमस्वामींच्या टोंकेपाशी पाहतो, तर डोली खाली ठेवलेली आणि ती शालीत गुरफटून वाटेकडे डोळे लावून बसलेली. पुढच्या प्रत्येक टोंकेवर ती तशीच थांबली. एकट्याने चालणे काय असते, हे तिला ठाऊक होते.

पार्श्वनाथ टोंकेच्या पायथ्याशी तिने डोली सोडली. एक हात कठड्यावर, एक माझ्या दंडावर. एकेका पायरीवर थांबत, त्या शेवटच्या पायऱ्या आम्ही दोघे बरोबरीने चढलो.