अंदाज

मुलांनो, 'अंदाज' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. पण अंदाज म्हणजे मनाला येईल तो आकडा नव्हे.

लोधिवलीला आमच्या घरामागे आंब्याचे एक झाड वाळले होते. पावसाळ्याआधी ते तोडायचे होते. झाडापासून घर 9 मीटर दूर होते. "झाड घरावर तर पडणार नाही ना?" आईने विचारले. तेव्हा गणिताच्या तासाला शिकलेली युक्ती उपयोगी पडली. मी 1 मीटर लांबीची काठी सपाट जागी उभी धरली. तिची सावली अर्धा मीटर भरली. त्याच वेळी बुंध्यापासून झाडाची सावली मोजली. ती 6 मीटर होती. म्हणजे झाडाची उंची 12 मीटर! म्हणून आधी फांद्या व शेंडा उतरवला आणि मगच बुंधा तोडला.

अकराव्या शतकात अल-बिरूनी या विद्वानाने नंदना येथे एका डोंगराची उंची मोजली आणि तिच्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली.

तुम्हीही करून पाहा. घरातल्या पिंपात किती बादल्या पाणी मावेल? आधी अंदाज लिहा, मग मोजा. सरावाने दोन्हींतला फरक कमी होत जातो.