पाठीवरची मधली रांग

पावसाळ्यात खेड्यांतून मला येणारे बरेचसे फोन एकाच वर्णनाच्या सापाच्या पिल्लाबद्दल असतात. काळसर, चकचकीत, पाठीवर पांढरे आडवे पट्टे. न्हाणीत, सरपणात नाहीतर दाराच्या फटीत. "दादा, पिल्लूच आहे, काडीनं बाहेर लोटू का?" मी आधी सगळ्यांना लांब व्हायला सांगतो. ते कवड्याचं असेल, नाहीतर मण्यारीचं. आणि मण्यारीचं पिल्लू अंड्यातून निघतं ते विषदंत आणि विष घेऊनच.

दोघांतला फरक विचारला की लोक पट्टे सांगतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे मानेपासून अंतर सोडून, बहुधा जोडीजोडीनं येतात आणि शेपटीकडे ठळक होतात. मोठ्या सापाला हे बऱ्यापैकी लागू पडतं, पिल्लाला नाही. मण्यारीच्या पिल्लाला मानेजवळही स्वच्छ पट्टे असतात. पुढचे पट्टे पुसट होतात ते वय वाढल्यावर. तिकडे कवड्याचं पिल्लू मोठ्या कवड्यापेक्षा गडद असतं, त्यामुळे ते आणखीच मण्यारीसारखं दिसतं. सापांच्या तक्त्यांवर बहुतेक वेळा पूर्ण वाढलेलेच साप छापतात, याची मला मनापासून खंत वाटते. त्या तक्त्यावर विसंबून बिनविषारी कवडे ठेचले जातात आणि मण्यारीच्या पिल्लाला कवड्या समजून कुणीतरी हात लावतं.

म्हणून मी पट्टे सोडतो आणि कण्यावरून जाणारी खवल्यांची मधली रांग शोधतो. मण्यारीत त्या रांगेतले खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात. कवड्यात मोठी रांग नसते. वीत-दीड वीत लांबीच्या पिल्लावर ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, आणि दिसतील इतकं जवळ कुणी जाऊ नये. लांबूनच मोबाइलवर झूम करून फोटो काढायला सांगतो. विजेरी बाजूनं तिरकी धरली की खवल्यांच्या कडा उठून येतात. फोटोत रांग आहे की नाही ते स्पष्ट कळलं नाही, तर माझ्या लेखी ती मण्यारच.

पिल्लू भिंतीवर चढलं असेल तर मन कवड्याकडे झुकतं, कारण तो पालींच्या मागावर भिंती चढतो. पण एवढ्यावर मी कधीच निकाल देत नाही. मण्यारीच्या दंशाला अनेकदा सूज नसते, वेदनाही फारशी नसते. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास अडखळतो. कुणाला चावल्याची नुसती शंका असली तरी ओळख पटवत न बसता आधी रुग्णालय गाठायचं. प्रतिसर्पविष तिथेच मिळतं.

कात हाती आली तर मात्र निवांत बसता येतं. ती पाण्यात भिजवून उलगडली की मधली रांग भिंगाखाली सहज दिसते. शेपटीखाली मण्यारीचे खवले अखंड, एकेरी असतात. कवड्याचे मधोमध दुभागलेले, दोन रांगांत. आमच्याकडची शाळेतली पोरं आता कात सापडली की वहीच्या पानांत घालून आणतात, आणि मी भिंग काढेपर्यंत शेपटी उलटी करून बसलेली असतात.