जरा डिफरंट

इंग्रजीतून मराठीत आलेल्या विशेषणांची कोणी शिरगणती केली, तर 'नाइस', 'फाइन', 'ग्रँड' ही जुनी मंडळी पेन्शनीत निघालेली आढळतील. सध्या चलती आहे ती 'डिफरंट'ची. आमच्या मलकापुरात तर बाजारपेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, चारदा तरी कानावर पडेल. कोणी त्याला 'डिफ्रंट' म्हणतो, कोणी 'डिफरन'. पण म्हणतात सगळे.

मलकापूर म्हटलं की ऐकणारा हटकून विचारतो, "म्हणजे रेल्वे स्टेशनवालं ना?" नव्हे. ते बुलढाणा जिल्ह्यातलं, भुसावळहून अकोल्याकडे जाताना लागणारं. "मग कराडजवळचं?" तेही नव्हे. ते सातारा जिल्ह्यातलं, चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळे पेपरात नाव आलेलं. आमचं मलकापूर शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं, आंबा घाटाच्या अलीकडचं. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं. रेल्वे आमच्याकडे नाहीच. पाणी मात्र पावसाळ्यात आभाळातून चोवीस तास येतं आणि त्याला योजना लागत नाही. आता हे सगळं थोडक्यात सांगायला "आमचं मलकापूर वेगळं" असं म्हणावं, तर समोरच्याला वाटतं, हा गावाची बढाई मारतोय. "दुसरं" म्हणावं, तर आपणच आपल्या गावाला दुसरा नंबर दिल्यासारखं होतं. "ते मलकापूर डिफरंट" म्हटलं की विषय मिटतो.

या शब्दाचा खरा गुण हाच आहे. तो काहीच सांगत नाही आणि तरी उत्तर दिल्याचं पुण्य मिळतं. घरात तांबडा रस्सा नवीन पद्धतीनं केलेला असतो. "कसा झालाय?" हा प्रश्न पदराला हात पुसत विचारला जातो. "वेगळा झालाय" म्हणालात की संपलात. "वेगळा म्हणजे? काय बिघडलंय त्यात? तुमच्या आईनं केला असता तर..." आणि तिथून पुढं रस्सा राहतो बाजूला. त्याऐवजी "डिफरंट झालाय" म्हणा. ताटात आणखी दोन पळ्या पडतात. (नको असतील तरी पडतात, एवढी किंमत मोजावी लागते.)

त्यातही प्रती आहेत. नुसतं 'डिफरंट' म्हणजे ठीक. 'जरा डिफरंट' म्हणजे आवडलं नाही, पण तुमचं मन मोडवत नाही. 'एकदम डिफरंट' हे निवृत्तीनंतर बांधलेल्या नि जांभळा रंग दिलेल्या बंगल्याला वास्तुशांतीच्या दिवशी म्हणायचं असतं. स्थळं सुचवणारे मध्यस्थ "मुलगा जरा डिफरंट आहे" म्हणाले, की शहाण्यानं पत्रिका परत मागून घ्यावी.

साडीच्या दुकानात हा शब्द जोडीनं येतो. "ताई, डिफरंट डिफरंट पीस दाखवतो!" इंग्रजी शिकलेली माणसं यावर नाकं मुरडतात. मला मात्र त्यात दुकानदाराचं मराठी व्याकरण पक्कं असल्याचं दिसतं. इंग्रजीत 'दुसरा' नि 'नाना प्रकारचे' हे दोन्ही अर्थ एकाच 'डिफरंट'ला वाहावे लागतात. आपल्याकडे एक असेल तर 'वेगळा', पुष्कळ असतील तर 'वेगवेगळे'. एक असेल तर 'निराळा', पुष्कळ असतील तर 'निरनिराळे'. अनेकपणा दाखवायला आपण शब्द दोनदा म्हणतो. दुकानदारानं इंग्रजी शब्दाला मराठीची शिस्त लावली, एवढंच.

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना ही शिस्त मान्य नसती. ते 'डिफरंट फ्रॉम'च्या बाबतीत फार कर्मठ. वर्गातल्या एकानं 'माय व्हिलेज इज डिफरंट दॅन युअर व्हिलेज' असं वाक्य केलं, तेव्हा मास्तरांनी हातातला खडू ठेवला आणि छडी उचलली. त्या पोराचा काय गुन्हा? त्यानं मनात 'तुमच्या गावापेक्षा आमचं गाव वेगळं' असं म्हटलं आणि 'पेक्षा' म्हणजे 'दॅन' हे तर त्याच मास्तरांनी शिकवलेलं. मराठी या बाबतीत दिलदार आहे. 'तुमच्या गावापेक्षा वेगळं' चालतं. 'तुमच्या गावाहून वेगळं' हेही चालतं, आणि हा 'हून' म्हणजे आपल्या पंचमीतला, थेट इंग्रजी 'फ्रॉम'चा भाऊ. दोन्ही म्हणा, कोणी हात पुढे करायला लावत नाही. इंग्रजांचं तरी कुठं एकमत आहे? अमेरिकेत 'दॅन' सर्रास चालतं, इंग्लंडात 'टू' चालतं. पुढं वाचनात आलं, की 'डिफरंट'नंतर 'फ्रॉम'च हवं, 'टू' चालत नाही, ही समजूत म्हणजे एक अंधश्रद्धा आहे, असं फाउलर नावाच्या इंग्रजी भाषेच्या मोठ्या पंडितानं १९२६ सालीच लिहून ठेवलंय. ती बातमी मलकापूरपर्यंत पोचली नव्हती. १९९७ साली अॅपल कंपनीनं 'थिंक डिफरंट' अशी जाहिरात केली. तिथं क्रियाविशेषण हवं की विशेषण चालेल यावर बऱ्याच लोकांनी शाई खर्च केली. मास्तर तोवर निवृत्त झाले होते, कंपनी वाचली.

पण हे सगळं झालं व्याकरण. 'डिफरंट' म्हणजे 'वेगळा' असं कोशात लिहिलेलं असतं, तिथं मात्र माझं जमत नाही. मराठी माणसाला 'वेगळा' म्हटलं की आधी चूल दिसते. "तो वेगळा झाला" असं कोणालाही सांगून बघा. "कशापेक्षा?" असं कोणी विचारणार नाही. "कधी?" आणि "वाटणी कशी केली?" हेच विचारतील. हॉटेलात बिलावरून झटापट चालते तेव्हा आपण म्हणतो, "अहो, आपण काय वेगळे आहोत का?" याचं इंग्रजी करून एखाद्या साहेबाला 'आर वुई डिफरंट?' असं विचारलं, तर तो आपला निम्मा वाटा टेबलावर ठेवून मोकळा होईल.

आमच्या घरी हा शब्द आला तेव्हा मी कॉलेजात होतो. आजोबांच्या माघारी थोरले काका घरातले कर्ते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. धाकटे काका नोकरीवाले. एकदा रात्री जेवताना धाकटे काका ताटाकडे बघतच म्हणाले, "आप्पा, आमचं रुटीन जरा डिफरंट झालंय. पोरांच्या शाळा, माझी गाडीची वेळ..."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. घरातला इंग्रजी जाणणारा मी. "काय म्हणतोय रं ह्यो?"

"वेळा निराळ्या आहेत म्हणतायत," मी म्हणालो. 'निराळ्या'च म्हणालो.

आप्पांनी घास ताटात ठेवला. "येगळं निघायचं म्हणतोस काय?"

कोणीच बोललं नाही. थोरल्या काकूंनी न विचारताच सगळ्यांना ताक वाढलं.

भांडण असं झालं नाही. गावात ज्यांना त्याची अपेक्षा होती त्यांची निराशाच झाली. माजघरात आडवी भिंत आली, परसाकडच्या खोलीत दुसरी चूल मांडली. दोन दिवस आम्ही पोरं पितळी पातेली, पराती, रोवळ्या इकडून तिकडं वाहत होतो. 'डिफरंट' ज्या लॅटिन क्रियापदापासून निघाला त्याचा मूळ अर्थ वेगवेगळ्या दिशांना वाहून नेणं असा आहे, आणि आपला 'भिन्न' ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ फोडणं. म्हणजे रोमन लोकांच्या घरीही भांडी हलत असणार. आपल्याकडे बहुधा परात आपटून फुटलीही असेल.

दुसऱ्या चुलीवर पहिला स्वयंपाक झाला त्या दिवशी धाकट्या काकूंनी लेकीच्या हातून आमटीची वाटी पाठवली. पोरगी निरोप घेऊन आली होती, "आईनं विचारलंय, कशी झालीय?" आप्पा पाटावर बसले होते. थोरल्या काकू चुलीपुढून उठून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आप्पांनी वाटी तोंडाला लावून एक भुरका मारला. मिशी पुसली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"डिफ्रंट झालीया," आप्पा म्हणाले.

मग काकूंना म्हणाले, "भात वाढ की." उरलेली आमटी त्यांनी भातावर ओतून घेतली. काकूंनी वाटी विसळली, तीत लिंबाच्या लोणच्याच्या चार फोडी घातल्या आणि पोरीच्या हातात देऊन म्हणाल्या, "नीट धर. उंबरा नवीन हाय, ठेच लागंल."