भोपाळच्या तलावाकाठी मोहाची फुले

ईस्टरचा सण आटोपल्यावर चार दिवस भोपाळला जाण्याचा योग आला. सेमिनरीतील माझा एक सहाध्यायी झाबुआकडील भिल्ल वस्त्यांत अनेक वर्षे सेवा करीत आहे. तोही काही कामानिमित्त तेथे आला होता. श्यामला टेकडीवर, मोठ्या तलावाच्या काठी, इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. तेथे काचेच्या कपाटांपेक्षा घरांचीच मौज अधिक. निरनिराळ्या प्रांतांतील आदिवासींनी स्वतः येऊन, आपल्या हातांनी उभारलेली ती घरे! अशाच एका घराच्या ओसरीवर टेकलो असता मित्राने पिशवीतून मूठभर सुकलेली फुले काढून माझ्या हातावर ठेवली. रंग मनुकांसारखा, चवही गोड. वास मात्र असा उग्र की मी हात मागे घेतला.

ती मोहाची फुले होती. फाल्गुन-चैत्रात पहाटे ही रसाळ, पिवळसर फुले टपटप गळतात आणि बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जमतात. सुकवलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते. ती पाण्यात काही दिवस भिजत घातली की आपोआप आंबतात, फसफसतात. नाताळच्या फुग्यांचे पीठ ताडीने कसे फुगते हे आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांना सांगावयास नको; येथेही तोच प्रकार. मग ते आंबवण चुलीवर चढवून वाफ गार केली की दारू उतरते.

मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबाला स्वतःपुरती ही दारू गाळण्याची कायद्याने मुभा आहे. ती विकणे मात्र गुन्हा. २०२१ च्या नोव्हेंबरात सरकारने जाहीर केले की मोहाची दारू यापुढे ‘हेरिटेज मद्य’ म्हणून विकता येईल. आता अलीराजपूरची ‘मोंड’ आणि दिंडोरीची ‘मोहुलो’ अशा बाटल्या निघाल्या आहेत. आपल्या ठाणे जिल्ह्यातील जुन्या मंडळींना हे ऐकून हसू येईल. इंग्रजांनी १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा करून मोहाच्या नुसत्या फुलांवरही बंधने घातली होती. काल जो गुन्हा, तो आज वारसा!

पण वारसा म्हणजे नेमके काय? बाटलीवर ‘परंपरा’ लिहावयाची तर प्रत्येक बाटली सारखी हवी. ताप मोजून, गाळून, चव ठरवून. मित्र म्हणाला, “अरे, आमच्या पाड्यावर कोणत्याही दोन घरांची चव सारखी नसते. विस्तव कमीजास्त झाला, फुले चार दिवस अधिक भिजली, की निराळीच. तेथे रोजच प्रयोग चालतो.” मला बव्हेरियाच्या बिअरची आठवण झाली. तेथे १५१६ साली राजाज्ञा निघाली की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांवाचून काही नको. तिकडे बेल्जममध्ये मात्र धणे, संत्र्याची साल, चेरी घालूनही ती आपली जुनीच परंपरा म्हणतात. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर करण्यास परवानगी मिळाली आणि गृहस्थांनी तऱ्हेतऱ्हेचे प्रयोग आरंभले. वेदीवरील द्राक्षारसाच्या बाबतीत आम्हा धर्मगुरूंना मात्र काही मुभा नाही. तो शुद्ध द्राक्षांचाच आणि न बिघडलेला असावा लागतो. ती शिस्त मला प्रिय आहे. पण भिल्लाच्या मडक्यावर ती लादावी, असे काही वाटले नाही.

मी हे बोलून दाखविले तेव्हा मित्र गंभीर झाला. “मडक्याचे फार कौतुक करू नकोस,” तो म्हणाला. “लग्नात, मरणात, देवाला पहिला थेंब वाहून घेतात, ते मी पाहतो. त्याच मडक्याने बरबाद झालेले तरुणही मीच पुरले आहेत. बाटली आल्याने ते वाचणार नाहीत. मला एवढेच विचारावयाचे आहे की पहाटे अंधारात फुले वेचणाऱ्या बाईच्या पदरात त्या बाटलीतले किती पडते?”

मला उत्तर देता आले नाही. खाली तलावावर ऊन कलत होते. ती फुले मी रुमालात बांधून आणली. घरी आचाऱ्याने ती कसलीशी मनुका समजून खिरीसाठी भिजत घातली आणि विसरला. दोन दिवसांनी पातेल्यावरचे झाकण उचलून पाहतो तो वर फेस!