चाक मोठे, भार तेवढाच

बेदाण्याच्या व्यापारात गाडीवाचून दुकान चालत नाही. तासगाव भागातील शेडे, मिरज रस्त्याकडची शीतगृहे, सांगलीची आमची पेढी आणि महिन्यातून एक-दोनदा आंबा घाट उतरून रत्नागिरी, असा आमच्या पिकअपचा फेरा असतो. यातील डांबरी रस्त्याबद्दल तक्रार नाही. शेडपर्यंतचे शेवटचे अर्धा किलोमीटर मात्र उसाच्या दोन फडांमधून जाते, आणि फाल्गुन-चैत्रात अवकाळी पाऊस आला की ती काळी माती चाकाला धरून बसते. दोन हंगाम आमची गाडी ट्रॅक्टर लावून ओढून काढावी लागली. तेव्हा चिरंजीवांनी सुचविले की टायर मोठे घालावेत.

त्यांच्या मनात प्रथम होते ते निराळेच. मोठी रिम, बाहेर डोकावणारी रुंद चाके, असा काहीसा थाट त्यांनी मित्राच्या गाडीला पाहिला होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ बनावटीत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत. शिवाय ज्या थाटाने मालाचा एक दाणाही जास्त विकला जात नाही, त्याला आपल्याकडे अनर्थदंड असा नेमका शब्द आहे. तो बेत तेथेच थांबला. अधिकृत सेवा केंद्रात विचारून, मूळ रिमवरच बसणारा एक माप मोठा टायर घ्यायचे ठरले. कारखान्यातून आलेले माप २१५/७५ आर १५ होते, नवे २३५/७५ आर १५. यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. वहीत आकडेमोड केली तर जुन्या चाकाचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर येतो आणि नव्याचा ७३३.

म्हणजे चाक ३० मिलिमीटरने वाढले. पण गाडीचे पोट जमिनीपासून वर गेले ते त्याच्या निम्मे, १५ मिलिमीटर, जेमतेम एका बोटाची जाडी. चिखलात जो फरक पडला तो उंचीपेक्षा रुंदीमुळे. टायर जमिनीवर अधिक जागा व्यापतो आणि कमी रुततो. या हंगामात ट्रॅक्टर बोलवावा लागला नाही, हे खरे. मात्र रुंद चाकामुळे कमानीतली मोकळी जागा कमी झाली. ओली माती तेथे थापल्यासारखी भरते, आणि भरलेल्या गाडीचे स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आतल्या पत्र्याला घासल्याचा आवाज येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पहिल्या महिन्यात लक्षात आली. गाडीचे मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजते. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. मीटरला ते कळत नाही. आम्ही महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून पडताळा घेतला. दगडांप्रमाणे ५० किलोमीटर झाले तेव्हा मीटर ४८ दाखवत होते. हिशेबाने फरक सव्वाचार टक्क्यांचा. (टायर नवा असताना आणि पूर्ण झिजल्यावर व्यासात पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतोच. तेव्हा मूळ टायरवरही मीटर काही काट्याच्या तोलाचे नसते.)

आता हा फरक कोणाच्या अंगावर पडतो ते पाहावे. गाडी शेजारच्या पेढीला भाड्याने दिली तर नुकसान आमचे. ते सोसता येते. पण आमच्या चालकांना पगाराखेरीज बाहेरगावच्या फेरीला किलोमीटरवर भत्ता मिळतो. घरातील सर्व त्यांना मामा म्हणतात. मामा १,००० किलोमीटर चालवून आले तर वहीत ९६० च्या आत लागत होते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान सांगितले आहे. माप किंवा वजन लहान-मोठे ठेवून व्यवहार करणे, असा त्याचा अर्थ आपण तागडी आणि मापट्यापुरता घेत आलो. गाडीच्या काचेमागे फिरणारा आकडा हेही मापच आहे, आणि ते लहान आहे हे कळल्यानंतर त्यावर हिशेब करणे बरे नव्हे. तेव्हापासून फेरीच्या वहीत एक रकाना वाढवला आहे: मीटरचा आकडा गुणिले १.०४३. मामांनी स्वतः भत्त्याचा विषय काढला नव्हता. वाढीव रक्कम हाती पडली तेव्हा ती त्यांनी दोनदा मोजली.

हाच गुणाकार डिझेललाही लागू पडतो. पूर्वी लिटरला १४ किलोमीटर पडत, नव्या टायरवर मीटरप्रमाणे १३ पडू लागले आणि घरात कुरबुर सुरू झाली. खऱ्या अंतराने ते साडेतेराच्या किंचित वर आहे. म्हणजे घट आहे, पण दिसते तिच्या निम्मीदेखील नाही. जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त बळ लागते, ती किंमत द्यावीच लागते. आंबा घाट चढताना जेथे पूर्वी तिसऱ्या गिअरवर गाडी निघत असे, तेथे मामा आता दुसरा टाकतात. उतरताना ब्रेक अंमळ जोराने दाबावा लागतो, कारण ब्रेक तेवढाच आहे आणि त्याला थोपवायचे चाक मोठे व जड झाले आहे.

मोठ्या टायरमुळे एक भ्रम मात्र उत्पन्न होतो, आणि व्यापाऱ्याच्या घरात तो फार लवकर रुजतो. गेल्या हंगामात रत्नागिरीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा माल भरला होता. १५ किलोच्या ८५ पेट्या, म्हणजे १,२७५ किलो. नोंदणीपुस्तकाप्रमाणे आमच्या गाडीची क्षमता १,३०० किलो. गाडी निघण्याच्या बेतात असताना फोन आला की आणखी २० पेट्या पाठवाव्यात. मुनीमजींनी गाडीकडे पाहून सांगितले की मागून अजिबात बसलेली दिसत नाही, सहज मावतील. चिरंजीवांनी टायरच्या कडेवरील १०५ हा अंक दाखविला. त्याचा अर्थ एका टायरला ९२५ किलो, चार टायरना ३,७०० किलो. गाडी आणि माल मिळूनही तेवढे वजन होत नाही. हिशेब बिनचूक होता.

मामा म्हणाले, "मालक, टायर बदलले; पाटे, आस आणि ब्रेक जुनेच आहेत. घाटात खाली उतरताना मी असतो."

यानंतर बोलण्यासारखे थोडेच होते, तरी बोलणे झाले. भरलेल्या गाडीचा भार चारही चाकांवर सारखा नसतो. बराचसा मागच्या दोघांवर येतो. टायरवरचा अंक टायरपुरता खरा. गाडीची क्षमता तिच्या सर्वांत दुबळ्या भागावरून ठरते. आणि गाडी बसलेली दिसली नाही याचे कारण ती आता मुळातच बोटभर उंच उभी राहते. मुनीमजींचा एक मुद्दा मात्र मला विचारात पाडणारा वाटला. अतिभारारोपण हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे, ते म्हणाले, पण तो बैलाला, घोड्याला, हमालाला लागू. लोखंडाला कसली पीडा? खरे आहे, लोखंडाला पीडा नाही. आमच्या आजोबांच्या काळी बैल गुडघ्यावर येई आणि गाडीवानाला थांबावे लागे. पाटा तसे काही सांगत नाही, तो एकदम तुटतो, आणि तेव्हा पीडा भोगायला गाडीत बसलेला माणूस असतो, समोरून दुचाकीवर येणारे कुटुंब असते. बैलाच्या वेळी भार आणि पीडा एकाच देहात होती. आता त्या दोन ठिकाणी आहेत, म्हणून आपल्याला दिसत नाही इतकेच.

त्या २० पेट्या दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टने गेल्या. भाडे आम्ही सोसले. गिऱ्हाईक चार दिवस नाराज होते आणि पुढची मागणी त्यांनी दुसऱ्या पेढीकडे दिली. त्यानंतरची अजून आलेली नाही.

टायर मात्र काढलेले नाहीत. शेडचा रस्ता आहे तसाच आहे. गाडी कधी विकली तर घेणाऱ्याला ठाऊक असावे म्हणून नोंदणीपुस्तकाच्या पाकिटात एक कागद ठेवला आहे: मीटर ३८,००० वर असताना टायर बदलले, आज ६१,००० आहे, मधल्या अंतरात सुमारे ९८० किलोमीटर कमी दाखविले गेले. त्या खाली मामांनी आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे. स्टेपनी जुन्या मापाची आहे, मागच्या चाकाला लावून लांब जाऊ नये.