पाण्यातली बाग

२०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यात घनसावंगीजवळची आमचीही गेली. टँकरनं पाणी घालून घालून अण्णा थकले आणि शेवटी त्यांनीच झाडांना कुऱ्हाड लावली. त्यानंतर त्या रानात कपाशीच. पुढं विहिरीला पाणी टिकायला लागलं तशी अण्णांच्या मनात पुन्हा मोसंबी आली. "पाणी असलं की मोसंबी मरत नसती," एवढंच त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात त्यांनी खड्डे घेतले.

मी तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात होतो. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या एका प्रकल्पातून आम्हा काही पोरांना थायलंडला धाडलं होतं, बँकॉकच्या उत्तरेला, एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. शेवटच्या रात्री बॅगा भरून झाल्यावर आम्ही जवळच्या तलाड थाईला गेलो. रात्रभर चालणारा ठोक बाजार. जालन्याचा मोंढा त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. फळांच्या ढिगात हिरवट सालीची संत्री दिसली. आपलंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. सोबतच्या तिथल्या मुलाला विचारलं, "ही इथलीच का?"

"आता नाही. उत्तरेकडून येतात."

मग त्यानं सांगितलं. हा सगळा रंगसितचा पट्टा. राजा चुलालाँगकॉर्नच्या काळात, १८९० पासून, इथं भातासाठी कालवे खोदले. पुढं त्याच पाण्यावर संत्र्याच्या बागा आल्या. झाडं उंच वरंब्यांवर आणि मधल्या चरात पाणी, फवारणीसुद्धा होडीतून. तरी बागा गेल्या. ग्रीनिंग आला. पानं चट्ट्याचट्ट्यानं पिवळी, फळ बारकं, वाकडं, कडू. हा रोग सायला किडीतून पसरतो, तसाच रोगट झाडाचा डोळा भरलेल्या कलमातूनही येतो. एकदा लागला की त्याला औषध नाही.

ग्रीनिंग मी पुस्तकात वाचला होता; आपल्याकडंही तो आहे. पण बाग तहानेनंच मरते, हे माझ्या डोक्यात घरूनच बसलेलं. पाण्यात उभी असलेली बाग मरते, हे त्या ढिगापाशी कळलं.

खोलीवर येऊन घरी फोन लावला. आपलं घड्याळ दीड तास मागं, अण्णा जागेच होते.

"इसार दिलाय. परवा कलमं येत्यात."

"डोळा कोणत्या झाडाचा भरलाय, विचारलं का?"

"ते कोण इचारतंय? स्वस्त पडली."

मी रंगसितचं सांगितलं. "होडीतून फवारा?" त्यांनी दोनदा विचारलं. मग बराच वेळ काहीच नाही.

"अण्णा, बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रातून खात्रीची कलमं घेऊ. एक पावसाळा जाईल, जाऊ द्या."

"अन् इसार?"

"बुडू द्या."

"पैसा माझा हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

ती रात्र झोप आली नाही. महिनाभर नवी नवी यंत्रं पाहिली होती, पण घरी उपयोगी पडेल असं एकच वाक्य हाती लागलं होतं, तेही बापाला न पटणारं.

गावी पोचलो तर खड्डे मोकळेच होते. अण्णांनी कलमांची गाडी परत लावली होती. वर्षभर भावकी विचारायची, पोरानं परदेशातून काय आणलं? अण्णा रानाकडं हात करायचे.

"खड्डे."

आणि स्वतःच आधी हसायचे.